घरचा सर्व्हर : मांडणी आणि राखण

विषयाचे नाव ऐकून काही श्रोत्यांच्या मनात आले असेल की, हे व्याख्यान संगणकाच्या कचेऱ्यांत काम करणाऱ्यांसाठी असावे. भंडाऱ्या-तुमसरच्या गृहस्थाचा त्याच्याशी काय संबंध? आमचे म्हणणे असे की, संबंध आहे आणि तो जवळचा आहे. ज्याच्या घरी एखादा जुना संगणक धूळ खात पडला आहे, ज्याच्या घरात इंटरनेटची तार आली आहे, आणि ज्याच्यापाशी चार लोकांनी वाचावे असे काही आहे, अशा कोणाही व्यक्तीला स्वतःच्या घरातून जगाला पान वाढता येते. ते कसे, त्यात अडचणी कोणत्या, आणि मुळात हा खटाटोप करावा का, एवढ्या तीन प्रश्नांचा विचार आज करू.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. सर्व्हर म्हणजे वाढणारा. पंगतीत बसलेला मनुष्य वरण मागतो आणि वाढपी त्याच्या पानात वरण वाढतो. न मागितलेले वाढत नाही आणि मागितलेले असेल तर नाही म्हणत नाही. इंटरनेटवरही हेच चालते. आपल्या मोबाइलमधला ब्राउझर एका पत्त्यावर जाऊन 'अमुक पान द्या' असे मागतो. त्या पत्त्यावरचा संगणक ते पान शोधून पाठवतो. हा देणारा संगणक म्हणजे सर्व्हर. तो यंत्र म्हणून काही निराळ्या जातीचा नसतो. कोणताही साधा संगणक, मागणी ऐकून उत्तर देणारा एक कार्यक्रम त्यात चालू केला आणि तो अहोरात्र जागा ठेवला, की सर्व्हर होतो.

इतिहासही हेच सांगतो. १९९० साल सरता सरता जिनिव्हाजवळच्या 'सर्न' ह्या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी जगातला पहिला वेब सर्व्हर चालू केला. टेबलावर मावेल असा 'नेक्स्ट' बनावटीचा तो एकच संगणक होता. हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नये, अशा अर्थाची हाताने लिहिलेली चिठ्ठी त्याच्यावर चिकटवलेली होती. आपल्या देशात सर्वसामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमच्या द्वारे. पुढच्याच वर्षी, १९९६ साली, अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी 'मायबोली' हे स्वतःचे संकेतस्थळ उभे केले. त्या काळी वेबवर लिहिणे म्हणजे आपली जागा आपण मांडणे, असा समज सर्रास होता.

पुढे हा समज मागे पडला. मोठमोठ्या कंपन्यांनी फुकट जागा देऊ केल्या आणि लोक तिकडे राहावयास गेले. सोय झाली, हे खरेच. परंतु ती बिऱ्हाडकरूची सोय होती. 'जिओसिटीज' ह्या स्थळावर लाखो लोकांनी आपली पाने मांडली होती. ते ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झाले. 'ऑर्कुट'वर आपल्याकडच्या तरुण पिढीने किती लिहिले, हे येथे बसलेल्या अनेकांना आठवत असेल. ते ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद करण्यात आले. मालकाने घर मोडावयाचे ठरवले की बिऱ्हाडकरूला सामान उचलावे लागते, आणि ज्याच्या लक्षात ते वेळेवर येत नाही, त्याचे सामान जाते.

आपल्या जिल्ह्याला मालकी आणि राखण ह्यांचा संबंध शिकवावा लागू नये. वैनगंगेच्या खोऱ्यातले आपले मालगुजारी तलाव पाहा. कोहळी समाजाच्या कौशल्यातून उभ्या राहिलेल्या ह्या तलावांवर आपली धानाची शेती पिढ्यान् पिढ्या उभी राहिली. भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. १९५१ साली तेथील मालगुजारी संपुष्टात आली आणि तलाव सरकारच्या ताब्यात गेले. मालगुजारीची पद्धत जाणे न्यायाचेच होते. परंतु पाळ कोणी दुरुस्त करावयाची, गाळ कोणी काढावयाचा, तुडुम उघडावयाला रात्री कोणी जावयाचे, ही कामे नेमकी कोणाची, हे गावाला उमगेनासे झाले आणि पुष्कळ तलाव गाळाने उथळ होत गेले. तलाव बांधण्याला एक पिढी लागते. राखणे मात्र प्रत्येक पिढीला पुन्हा शिकावे लागते. घरच्या सर्व्हरविषयी आम्हांस मुख्यतः हेच सांगावयाचे आहे. मांडणी एका रविवारी होते. राखण हे खरे काम आहे. जो राखण पत्करील, त्यानेच मांडणी करावी.

आता मांडणीकडे वळू. समजा, साकोलीच्या एका शिक्षकाला आपल्या परिसरातल्या तलावांची नावे, त्यांची छायाचित्रे, आणि पाळ, तुडुम, सलंग, पाट असे झाडीबोलीतले शब्द अर्थासह एकत्र करून लोकांपुढे ठेवावयाचे आहेत. त्याने आरंभ कोठून करावा?

यंत्र नवे घेण्याची गरज नाही. दहा वर्षांचा जुना लॅपटॉप ह्या कामाला पुरतो; त्याची बॅटरी शाबूत असेल तर दुधात साखर, कारण वीज गेली तरी तो काही काळ चालू राहतो. दुसरा पर्याय 'रास्पबेरी पाय' ह्या पत्त्यांच्या जोडाएवढ्या संगणकाचा. तो २०१२ साली इंग्लंडमध्ये मुलांच्या शिक्षणासाठी निघाला. विजेचा हिशेब येथे करून ठेवावा. ५ वॅट खाणारे छोटे यंत्र वर्षभर अखंड चालले तर सुमारे ४४ युनिट वीज लागते. ६० वॅट खाणारा जुना टेबलावरचा संगणक तेवढ्याच काळात सुमारे ५२६ युनिट खातो. म्हणून फुकट मिळालेला मोठा संगणक अखेर महागात पडतो. शिवाय आपल्याकडचा वैशाख यंत्रालाही सोसत नाही. रास्पबेरी पायच्या आतले तापमान ८० अंशांवर गेले की तो आपण होऊन वेग कमी करतो. म्हणून यंत्र बंद कपाटात किंवा पत्र्याखालच्या खोलीत ठेवू नये. हवा खेळती असेल अशा जागी ठेवावे.

ह्या यंत्रावर लिनक्स बसवावे. लिनक्सचा गाभा १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स ह्या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने प्रसिद्ध केला. त्यावर आधारलेली 'डेबियन' ही प्रणाली १९९३ पासून स्वयंसेवक चालवीत आहेत. ती फुकट मिळते आणि जुन्या यंत्रावरही नीट चालते. त्यानंतर वाढप्याची नेमणूक करावयाची. 'अपाची' हा १९९५ सालचा आणि 'एन्जिनएक्स' हा २००४ सालचा, असे दोन कार्यक्रम प्रसिद्ध आहेत. नवशिक्याने कोणताही एक घ्यावा. एका ओळीच्या आज्ञेने तो बसतो. मग त्याच यंत्रावर ब्राउझर उघडून 'लोकलहोस्ट' असे लिहिले की एक स्वागताचे पान दिसते. सर्व्हर चालू झाला! त्याने ठरवून दिलेल्या कप्प्यात आपले पान ठेवले की स्वागताच्या जागी आपले अक्षर दिसू लागते.

मराठी लिहिणाऱ्याने येथे एक गोष्ट विसरू नये. संगणक अक्षरे ओळखत नाही, आकडे ओळखतो. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर, हे 'युनिकोड' ह्या संकेताने ठरते. तो आकडा साठवण्याची आजची सर्वमान्य रीत 'यूटीएफ-८' ही होय. आपले पान ह्या रीतीने लिहिले आहे, असे पानाच्या डोक्याशी स्पष्ट नमूद करावे लागते. तसे न केल्यास वाचणाऱ्याचा ब्राउझर तर्क करतो, आणि त्याचा तर्क चुकला की 'तलाव' ह्या शब्दाच्या जागी फ्रेंच वळणाच्या रोमन अक्षरांचा काला दिसतो. ह्या रीतीत देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, रोमन अक्षराला एक. परंतु त्याची धास्ती नको. तेरा हजार चिन्हांचा मोठा लेखसुद्धा चाळीस किलोबाइटांच्या आतच राहतो.

दुसरी पायरी घरातल्या घरात. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक खासगी पत्ता देतो. तो बहुधा १९२.१६८ ह्या आकड्यांनी सुरू होतो. सर्व्हरला वाय-फायऐवजी तारेने राउटरशी जोडावे, आणि राउटरच्या व्यवस्थेत जाऊन त्याचा पत्ता राखून ठेवावा, म्हणजे तो रोज बदलणार नाही. मग घरातल्या कोणाच्याही मोबाइलवर तो पत्ता लिहिला की आपले पान उघडते. आमची आग्रहाची सूचना अशी की, नवशिक्याने येथे थांबावे आणि काही महिने येथेच राहावे. घरातली छायाचित्रे, आजीने सांगितलेल्या पाककृती, जमिनीच्या कागदांच्या प्रती हे सारे घरापुरत्या सर्व्हरवर ठेवता येते. दरवाजा बाहेरून बंद असल्यामुळे जोखीम फार थोडी, आणि शिकणे मात्र पुरेपूर होते.

तिसरी पायरी बाहेरच्या जगाची. एका मोठ्या वाड्यात दहा बिऱ्हाडे आहेत, पण टपालाचा पत्ता वाड्याचा एकच आहे, असे समजा. आतून बाहेर पत्र धाडणे सोपे. बाहेरून आलेले पत्र कोणत्या बिऱ्हाडात द्यावयाचे, हे देवडीवरच्या माणसाला आधी सांगून ठेवावे लागते. आपला राउटर हा तो देवडीवरचा माणूस. त्याला सांगावयाचे की, ८० आणि ४४३ ह्या क्रमांकांच्या दारांवर येणारी मागणी अमुक यंत्राकडे पाठव. ह्या दारांना 'पोर्ट' म्हणतात. वेबची साधी पाने ८० वर मागतात, कुलूपबंद पाने ४४३ वर.

येथपर्यंत सारे बरोबर करूनही पुष्कळांचे पान बाहेरून उघडत नाही, आणि ते आपल्यालाच दोष देत बसतात. कारण निराळे असते. इंटरनेटची जुनी पत्तेपद्धती सुमारे ४२९ कोटी पत्त्यांची आहे. जगाच्या मुख्य साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. पत्ते थोडे आणि ग्राहक फार, म्हणून सेवा पुरवणारे शेकडो घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. म्हणजे वाड्याच्या देवडीबाहेर पेठेचा आणखी एक दरवाजा असतो, आणि तिथल्या पहारेकऱ्याला आपण काही सांगू शकत नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे. राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता पाहावा, तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर आपण अशा पेठेत राहतो आहोत.

ह्यावर तीन उपाय आहेत. सेवा पुरवणाऱ्याकडून जादा पैसे भरून स्वतंत्र स्थिर पत्ता घ्यावा, हा सरळ उपाय. 'आयपीव्ही-६' ही नवी पत्तेपद्धती वापरावी, हा दुसरा. तिच्यात पत्त्यांचा तुटवडा नाही आणि भारतात तिचा प्रसार चांगला झाला आहे. परंतु जुन्याच पद्धतीवर असलेला वाचक आपल्यापर्यंत पोहोचणार नाही. तिसरा उपाय बोगद्याचा. आपले यंत्र आपण होऊन बाहेरच्या एका मध्यस्थाशी संबंध जोडून ठेवते, आणि वाचक त्या मध्यस्थामार्फत येतात. हा सोपा आहे, पण ज्याच्या घरातून रस्ता जातो, त्याच्या मर्जीवर आपण राहतो. ह्यांपैकी काहीही करण्यापूर्वी आपल्या जोडणीचा करार वाचावा. घरगुती जोडणीवर सर्व्हर चालवण्यास काही ठिकाणी मनाई असते.

पत्ता मिळाला तरी लोकांच्या ध्यानात राहते ते नाव. वर्षाला ठराविक शुल्क भरून नाव नोंदवता येते, आणि ते कोणत्या पत्त्यावर आहे, हे 'डीएनएस' ह्या जगभरच्या नोंदवहीत लिहिता येते. आपला पत्ता अधूनमधून बदलत असेल, तर ती नोंद आपोआप सुधारणारा लहानसा कार्यक्रमही असतो. 'डॉट इन' तर आहेच. पण २७ ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीतले 'डॉट भारत'ही मिळू लागले आहे, आणि ते मराठीलाही खुले आहे. तलावाचे नाव तलावाच्याच लिपीत नोंदवण्याची सोय झाली, ही लहान गोष्ट नव्हे. नावामागून कुलूप. वाचक आणि सर्व्हर यांच्यामधले बोलणे वाटेत कोणी वाचू किंवा बदलू नये, म्हणून प्रमाणपत्र लागते. पूर्वी त्याला पैसे पडत. 'लेट्स एन्क्रिप्ट' ही ना-नफा सेवा डिसेंबर २०१५ पासून ते सर्वांना विनामूल्य देते. त्याची मुदत थोड्याच महिन्यांत संपते, म्हणून त्याचे नूतनीकरण आपोआप होईल अशी व्यवस्था पहिल्याच दिवशी करून ठेवावी.

आता राखणीकडे येऊ. सर्व्हर जगाला उघडला की फार वेळ जात नाही, तोच अनोळखी यंत्रे दार ठोठावू लागतात. ती कोणा शत्रूने आपल्यावर धाडलेली नसतात. इंटरनेटवरचा प्रत्येक पत्ता क्रमाने चाचपून पाहणे, हाच त्यांचा उद्योग. सर्व्हर आपल्या नोंदवहीत प्रत्येक मागणी लिहून ठेवतो. ती नोंदवही आठवड्यातून एकदा वाचण्याची सवय लावावी. २०१६ साली 'मिराई' नावाच्या उपद्रवी कार्यक्रमाने जगातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. बहुतेकांची चूक एकच होती: कारखान्यातून आलेला संकेतशब्द कोणी बदललाच नव्हता. त्या ऑक्टोबरमध्ये अशाच यंत्रांच्या फौजेने नावांच्या नोंदवह्या सांभाळणाऱ्या एका मोठ्या कंपनीवर मारा केला आणि अमेरिकेतली मोठमोठी संकेतस्थळे काही तास मिळेनाशी झाली. ह्यावरून ध्यानात घ्यावे की, आपल्या घरातले बेवारस यंत्र आपलेच नुकसान करून थांबत नाही. फुटलेल्या पाळीचे पाणी शेजाऱ्याच्या बांधीतही शिरते.

म्हणून नियम थोडे, पण ते मोडू नयेत. तलावाच्या पाळीला पाणी सोडण्याची वाट ठरावीक ठिकाणीच असते. तशी सर्व्हरची ८० आणि ४४३ ही दोनच दारे बाहेर उघडी ठेवावीत. दुरून यंत्र चालवण्याचे २२ क्रमांकाचे दार घरापुरतेच असावे, आणि तेथे संकेतशब्दाऐवजी किल्लीची फाइल वापरावी. प्रणालीच्या सुधारणा आपोआप बसतील असे करावे. घरची खासगी कागदपत्रे ज्या यंत्रावर आहेत, तेच यंत्र जगाला उघडू नये. दुसऱ्याचे छायाचित्र, पत्ता, दूरध्वनी क्रमांक त्याच्या संमतीवाचून मांडू नयेत. आणि प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती असाव्यात: दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर, एखाद्या नातलगाकडे.

वीज हा आपल्याकडचा खास विषय आहे. ती अचानक गेली की छोट्या संगणकातले मेमरी कार्ड बिघडण्याचा संभव असतो. त्यासाठी राउटर आणि सर्व्हर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्यावेत, आणि वीज परतल्यावर यंत्र आपोआप चालू होते की नाही, हे एकदा मुद्दाम बंद करून पाहावे. विजा कडाडू लागल्या तर दोन्हींची जोडणी भिंतीतून काढावी. काचेच्या तंतूतून वीज येत नाही, पण राउटरच्या विजेच्या तारेतून येते. तासभर पान दिसले नाही म्हणून कोणाचे अडत नाही.

शेवटी मर्यादा. घरगुती जोडणीचा बाहेर धाडण्याचा वेग सेकंदाला १० मेगाबिट असेल, तर चाळीस किलोबाइटांचा लेख डोळ्याचे पाते लवण्याआधी पोहोचतो. पण तीन मेगाबाइटांच्या छायाचित्राला अडीच सेकंद लागतात, आणि वीस जणांनी ते एकदम मागितले तर पाऊण मिनिट. म्हणून छायाचित्रे लहान करून ठेवावीत. दवाखान्याची नोंदणी, दुकानाचे व्यवहार, परीक्षेचे निकाल अशी ज्यांच्यावर दुसऱ्याचे काम अवलंबून आहे, ती पाने घरून वाढू नयेत. त्यांसाठी भाड्याची सुसज्ज जागाच योग्य. मात्र ज्याने घरी एकदा हे केले आहे, तो भाड्याच्या जागेतही डोळसपणे राहतो. आपले सामान कोणते, ते उचलावे कसे, आणि नाव आपल्या नावावर नोंदवले आहे की दुसऱ्याच्या, हे त्याला कळते.

सर्वांनी सर्व्हर चालवावा, असे आमचे म्हणणे नाही. सर्वांनी तलावही बांधले नव्हते. परंतु प्रत्येक गावात पाळ पाहणारे आणि तुडुम उघडता येणारे दोन-चार हात असत, म्हणून सर्वांच्या बांधीला पाणी मिळे. भंडारा, तुमसर, मोहाडी, लाखनी, साकोली, पवनी, लाखांदूर ह्या प्रत्येक ठिकाणी हे काम जाणणारे दोन-चार जण तयार झाले, तर आपल्या बोलीचे शब्द, तलावांच्या नोंदी आणि शाळांच्या स्मरणिका कोणा दूरच्या कंपनीच्या निर्णयाने एका रात्रीत नाहीशा होणार नाहीत. ज्यांना इच्छा आहे, त्यांनी ह्याच उन्हाळ्यात जुना संगणक पुसून घ्यावा आणि सर्व्हर घरापुरता चालू करावा. एक पावसाळा तो नीट सांभाळून दाखवावा. दिवाळीपर्यंत तो टिकला, नोंदवही वाचण्याची सवय लागली आणि प्रतींचा शिरस्ता बसला, की मगच बाहेरचे दार उघडावे.